अंघोळीच्या सतरा पायऱ्या

खोंड औताला कसे लावतात, हे तुम्हाला आम्ही शिकवायला नको. पहिल्याच दिवशी कोणी खोंडाला नांगराला जुंपत नाही. आधी त्याला माणसाची आणि दाव्याची सवय करायची. मग एखाद्या जुन्या, शांत बैलाच्या जोडीला नुसते चालवायचे. मग मानेवर रिकामे जू. मग मागे हलका ओंडका बांधून रानातून दोन फेऱ्या. नीट चालले की मानेखाली खाजवायचे, पेंडीचा तुकडा पुढे करायचा. असे करत करत ते एके दिवशी खरे औत ओढू लागते. घाई केली तर खोंड बिथरते आणि मग जन्माचे अडेल होते.

जनावराच्या बाबतीत आपण एवढे धीराने घेतो. पण घरात एखादे मूल बुद्धीने मागे असले, मोठे झाले तरी त्याला सदरा घालता येईना, हात धुता येईना, की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर त्याच्यावर ओरडतो. नाही तर त्याचे सगळे आपणच करून टाकतो. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, माणसाला बैलाच्या रांगेत बसवता काय?" नाही मंडळी. बैलाला जो धीर आपण दाखवतो, तोच पोटच्या पोराला दाखवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. तो कसा दाखवायचा, याचे आज एक शास्त्र झाले आहे. ते आम्हाला म्हातारपणी एका न्हाणीघराच्या दारात उभे राहून शिकायला मिळाले.

आमच्या साक्षरतेच्या वर्गाला एक बाई रोज उशिरा येत. वर्ग संध्याकाळी सातचा, त्या पावणेआठला येत. येताना पदर ओला, बांगड्यांवर साबणाचा फेस. एकदा आम्ही विचारले, "बाई, एवढा उशीर का होतो?" त्या म्हणाल्या, "पोराला न्हाऊ घालते गुरुजी. गोठ्यात दिवसभर लोळतंय, तसंच कसं निजवू?"

ते पोर एकोणीस वर्षांचे होते. आईपेक्षा वीतभर उंच. त्याला मिसरूड फुटलेले. वडील हयात नाहीत. आईची कंबर धरलेली. भरलेली बादली उचलायची, त्याला पाटावर बसवायचे, वाकून अंग चोळायचे, पुसायचे, कपडे घालायचे. एकोणीस वर्षे हे रोज चालले होते. बाई सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्यामागं ह्याला कोण न्हाऊ घालंल?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आणि आमची मान खाली गेली, त्याचे आणखी एक कारण होते. तेही सांगून टाकतो. २०१२ च्या जून महिन्यात हीच बाई सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून शाळेत नाव घालायला आली होती. आम्ही तेव्हा हेडमास्तर होतो. मुलाने टेबलावरची खडूची पेटी सांडली आणि तो हसू लागला. आम्ही बाईंना म्हणालो, "याला घरीच सांभाळा. इथे बाकीच्या मुलांचा अभ्यास बुडेल." सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला होता. आम्हाला तो ठाऊक होता. कपाटात त्याची प्रतही होती. बाई काही न बोलता मुलाला घेऊन परत गेल्या. पुढे बारा वर्षांनी त्या आमच्यासमोर बसून 'क' गिरवू लागल्या, तेव्हाही त्यांनी ती गोष्ट एका शब्दाने काढली नाही.

आमच्या ट्रस्टच्या कामात एक शिक्षिका आहेत. बुद्धीने मागे असलेल्या मुलांना शिकवण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले आहे. त्यांना आम्ही ही हकीकत सांगितली. पुढे जे झाले ते सारे त्यांच्या सांगण्यावरून झाले. आमचे काम त्यांच्यामागे वही धरून उभे राहण्याचे.

त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही अमेरिकेतल्या आहेत आणि दोन्ही घडलेल्या आहेत. पहिली १९४९ सालची. अठरा वर्षांचा एक तरुण एका संस्थेत अंथरुणावर पडून असे. तो उठत नसे, बोलत नसे, कूसही वळत नसे. डॉक्टर म्हणत, हा काहीही शिकणे शक्य नाही. फुलर नावाच्या माणसाने एक करून पाहिले. त्या तरुणाचा उजवा हात जरासा हलला, की लगेच त्याच्या तोंडात साखर घातलेल्या कोमट दुधाचे थोडे थेंब सोडायचे. नाही हलला तर काही नाही. थोड्याच बैठकांत तो तरुण उजवा हात उचलू लागला, पुन्हा पुन्हा उचलू लागला. अठरा वर्षांत जो काही शिकला नाही म्हणत होते, तो दुधाच्या चार थेंबांवर एक गोष्ट शिकला.

दुसरी गोष्ट १९६४ साली छापून आली. साडेतीन वर्षांचा एक मुलगा. तो आपल्यातच गुंग असे. अशा स्थितीला आता स्वमग्नता म्हणतात. त्याला लहानपणीच मोतीबिंदू झाला, म्हणून डोळ्यांतली भिंगे काढावी लागली. आता चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. पण तो चष्मा घालून घेईना. बळजबरी केली की रडून, डोके आपटून आकांत करी. वुल्फ, रिस्ले आणि मीस या तिघांनी त्याच्यासाठी एक युक्ती योजली. खोलीत चष्म्याच्या नुसत्या चौकटी ठेवल्या, काचा नसलेल्या. मुलाने एखादी हातात घेतली की खाऊचा तुकडा. पुढे ती घेऊन फिरला की खाऊ. त्यापुढे डोळ्यांजवळ नेली की खाऊ. काचा मागाहून आल्या. काम सरळ झाले नाही, मध्ये बरेच अडले. पण दवाखान्यातून घरी जाताना तो मुलगा दिवसाचे सुमारे बारा तास चष्मा लावत होता.

आम्ही मनात म्हटले, हे तर खोंडाचे रिकामे जू झाले!

या शास्त्राला 'उपयोजित वर्तन विश्लेषण' असे लांबलचक नाव आहे. नाव विसरलात तरी बिघडत नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने (१९०४ ते १९९०) उंदीर आणि कबुतरांवर पुष्कळ वर्षे प्रयोग केले. ज्या कृतीमागून लगेच काही हवेसे मिळते, ती कृती वाढते, हे त्याने मोजून दाखवले. त्यावरून पुढे माणसांना शिकवण्याच्या रीती निघाल्या. १९६८ साली या विषयाचे वेगळे नियतकालिक अमेरिकेत सुरू झाले. आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी केंद्र सरकारने १९८४ साली सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था काढली. तिचे एक केंद्र नवी मुंबईत आहे.

आता कामाकडे येऊ.

शिक्षिकाबाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, अंघोळीच्या पायऱ्या किती?" आम्ही लगेच सांगितले, "पाच. पाणी घेणे, साबण लावणे, चोळणे, पुन्हा पाणी, पुसणे." त्या हसल्या. म्हणाल्या, "उद्या अंघोळ करताना मोजून या." दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्याच न्हाणीत प्रत्येक हालचाल मोठ्याने मोजत अंघोळ केली. घरातल्यांना वाटले, गुरुजींना ताप चढला. पायऱ्या निघाल्या सतरा.

त्या अशा. पाटावर बसणे. तांब्या उचलणे. तो बादलीत बुडवणे. भरलेला वर काढणे. उजव्या खांद्यावर ओतणे. डाव्या खांद्यावर ओतणे. पायांवर ओतणे. साबण घेणे. छातीला आणि पोटाला लावणे. दोन्ही हातांना लावणे. काखेत लावणे. पायांना लावणे. साबण जागेवर ठेवणे. पाणी ओतून साबण घालवणे. डोक्यावरून पाणी घेणे. पंचाने डोके-तोंड पुसणे. शेवटी अंग पुसणे. ही यादी आम्ही बाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आणि पाठ ओ गुरुजी?" सतरा पायऱ्यांत पाठ राहूनच गेली होती! शिक्षिकाबाई म्हणाल्या, "राहू द्या. पाठीला आपलाही हात नीट पुरत नाही. ती मागून पाहू."

पहिले तीन दिवस शिकवायचे काहीच नाही, असे ठरले. फक्त पाहायचे, की यातले त्याला आपले आपण काय येते. आईला वाटे, काहीच येत नाही. पण तो पाटावर बसत होता, तांब्या उचलत होता आणि बादलीत बुडवतही होता. पुढे तो पाण्याशी खेळत बसे, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणजे सतरापैकी तीन पायऱ्या त्याच्या होत्याच. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात बाईंनी '३' हा आकडा लिहिला. बाई तेव्हा नुकतेच आकडे शिकल्या होत्या. त्यांचा तीन जरा डावीकडे कललेला होता. पण आकडा बरोबर होता आणि कामाचा होता.

याच वेळी शिक्षिकाबाईंनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. मुलगा आता बाप्या झाला आहे. न्हाणीत आईने जाणे त्याच्याही दृष्टीने बरे नाही. आजवर कोणी त्याची लाज राखली नाही, म्हणून त्याला लाज नाही. तेव्हा न्हाणीत त्याचे काका जातील, दार लोटलेले राहील, आई बाहेर थांबून आकडे लिहील. काका मोकळ्या मनाचे, त्यांनी लगेच होकार दिला. बाईंना मात्र ते जड गेले. पहिला आठवडा त्या दाराबाहेरून सारख्या सूचना देत, "काख राहिली बघा! डोळ्यांत गेलं का साबण?" पोर मग हातातला तांब्या टाकून आईच्या आवाजाकडे बघत बसे. शेवटी काकांनी त्यांना अंगणाच्या टोकाला बसवले.

सुरुवात कोठून करायची? आम्ही म्हणालो, पहिल्या पायरीपासून. शिक्षिकाबाई म्हणाल्या, शेवटच्या पायरीपासून. आम्हाला ते उलटे वाटले. त्यांनी कारण सांगितले. पहिल्या पायरीपासून शिकवले, तर मुलगा एक पायरी करतो आणि उरलेल्या सोळा पायऱ्या आपण करतो. त्याला वाटते, हे काम आपले नाहीच. शेवटपासून शिकवले, तर सोळा पायऱ्या आपण करून देतो आणि काम त्याच्या हाताने पुरे होते. पुरे झाले की लगेच शाबासकी आणि बक्षीस. म्हणून काकांनी सगळी अंघोळ नेहमीसारखी घातली आणि अंग पुसायचे तेवढे त्याच्यासाठी ठेवले. ते जमल्यावर डोके-तोंड पुसणे आणि अंग पुसणे, अशा दोन. मग तीन. अशा रीतीने मागून पुढे सरकायचे. पायजमा घालायला शिकवतानाही हीच रीत. पायजमा आपण गुडघ्यापर्यंत चढवायचा, वर त्याने ओढायचा. पुढच्या वेळी पोटरीपर्यंत, त्याच्या पुढच्या वेळी घोट्यापर्यंत. (नाडीच्या नादी लागू नका. नाडी काढून इलॅस्टिक घाला. आम्ही नाडीवर दीड महिना फुकट घालवला.)

आता आधार देण्याची गोष्ट. तुम्ही अक्षर कसे शिकलात ते आठवा. आधी ठिपक्यांचे अक्षर होते, त्यावरून तुम्ही पेन्सिल फिरवलीत. पुढच्या पानावर ठिपके विरळ झाले. मग एकच ठिपका राहिला, सुरुवात कोठून करायची ते दाखवायला. मग कोरी ओळ. ठिपके एकदम पुसले असते तर तुम्ही अडला असता. कायम ठेवले असते तर आजही गिरवतच बसला असता. मुलाला हाताने शिकवताना तुमचा हात म्हणजे ते ठिपके.

काका मुलाच्या मागे उभे राहत. समोर उभे राहिले की मूल आपल्या तोंडाकडे पाहते, कामाकडे पाहत नाही. आधी त्याच्या हातावर आपला हात ठेवून अंगावरून पंचा फिरवत. काही दिवसांनी मनगट नुसते धरत. मग कोपराला बोट लावत. मग पंच्याकडे बोट दाखवत. मग काहीच नाही, स्वस्थ उभे राहून मनातल्या मनात पाच आकडे मोजत. हे पाच आकडे फार लांब वाटतात बरे का! आपला हात आपोआप पुढे जातो. आम्ही एकदा दाराशी उभे होतो. पोर पंचा हातात घेऊन तसेच थांबले होते. आम्ही नकळत 'पूस' म्हणून बसलो. काकांनी आमच्याकडे असे पाहिले, की शाळेत इन्स्पेक्टरनेही कधी पाहिले नसेल.

तोंडाने सांगणे हा सगळ्यात चिवट आधार आहे. 'घे, ओत, लाव, पूस' असे रोज सांगत राहिले, तर मूल त्या शब्दांची वाट पाहत बसते. हात काढून घेता येतो, शब्द काढून घेणे फार कठीण. म्हणून सुरुवातीला एकदाच म्हणायचे, "चल, अंघोळ कर." पुढे तोंड बंद.

बक्षिसाबद्दल लोकांचे फार गैरसमज असतात. आमचेही होते. आम्ही म्हणालो, "ही तर लाच झाली." शिक्षिकाबाईंनी विचारले, "मूल रडते, तेव्हा गप्प बसावे म्हणून बिस्कीट देता ना? त्याने मूल काय शिकते? रडले की बिस्कीट मिळते, हे शिकते. तेच बिस्कीट हात धुतल्यावर दिले तर?" मग आम्ही गप्प बसलो.

बक्षीस मुलाला आवडणारे हवे, आपल्याला आवडणारे नव्हे. या मुलाला गुळाचा खडा आवडे. त्याहून आवडे बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा वाजवायला. पायरी झाली की लगेच गूळ आणि "शाब्बास, अंग पुसलंस!" एवढे शब्द. लगेच म्हणजे लगेच. अंघोळीचा गूळ जेवताना दिला, तर तो जेवणाचा गूळ झाला. सगळी अंघोळ झाली की घुंगरांचा पट्टा. पहिल्या पंधरवड्यात गुळाचा काही उपयोगच होईना. चौकशी केली तेव्हा कळले, की आजी दिवसभर त्याच्या हातावर गूळ ठेवत होती. आजीला समजावणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम होते. पायरी पक्की झाल्यावर दर वेळी गूळ देणे थांबवले. दोनदा झाल्यावर एकदा, मग चारदा झाल्यावर एकदा. शाबासकी तेवढी राहिली.

येथे एक इशारा. चष्म्याच्या त्या मुलाला पुढे जेवणाचे घाससुद्धा बक्षीस म्हणून दिले होते. आम्हाला हे पटत नाही. जेवण, पाणी, झोप आणि आईची माया या गोष्टी मुलाच्या हक्काच्या. त्या रोखून धरून शिकवू नये. याहून वाईटही घडले आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत याच शास्त्राच्या नावाखाली स्वमग्न मुलांना चापट्या मारल्या, विजेचे झटकेही दिले. असे शिकलेल्या मुलांतली काही आता मोठी होऊन आपले दुःख स्वतः सांगू लागली आहेत. ती म्हणतात, आम्ही हात हलवत होतो, त्यात तुमचे काय जात होते? तुम्हाला बघवत नाही म्हणून आम्हाला का बदलता? त्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्या या मुलाला आनंद झाला की तो दोन्ही हात झटकतो. शेजारच्या एकाने सुचवले, "तेवढं बंद करा की." आम्ही म्हणालो, त्याने तुमचे भांडे फुटते काय? शिकवायचे ते त्याच्या उपयोगाचे असावे. आपली लाज झाकायला त्याला शिकवू नये. आणि 'नको' म्हणायलाही त्याला शिकवावे. अंगाला कोणीही हात लावला की मुकाट्याने लावून घेणारे मूल हे धोक्यात असते.

छडीने शिकते, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. छडी उगारली की मूल काम थांबवते, हे खरे. पण थांबणे वेगळे. पंचा कसा धरायचा हे छडी सांगत नाही.

कॅलेंडरावर आकडे चढत होते. तीन, चार, चार, पाच, पाच, चार, सहा. मध्ये मुलाला ताप आला, आकडा पुन्हा तीनवर आला, मग आठवड्यात सावरला. पण संक्रांतीनंतर आकडा सातावर अडला तो हलेना. अठरा दिवस सात. आम्हाला वाटले, पोराची मजल एवढीच. बाईही म्हणाल्या, "लई झालं गुरुजी. एवढं तरी कुठं होतं?" शिक्षिकाबाईंनी कॅलेंडर पाहिले आणि म्हणाल्या, "अठरा दिवस एकच आकडा असेल तर चूक पोराची नाही. पायरी फार उंच आहे. तिची आणखी फोड करा." काय अडले होते? साबण. ओला साबण हातातून निसटे, तो घ्यायला मुलगा वाके, तेवढ्यात सगळे विसरे. काकांनी साबण एका जुन्या धुतलेल्या मोज्यात घालून वर गाठ मारली. मोजा हातातून निसटत नाही, फेसही होतो. तीन दिवसांत आकडा आठ झाला. मग भराभर दहा, अकरा.

दुसरे अडले ते डोक्यावरून पाणी घेणे. लहानपणी कधी तरी नाकातोंडात पाणी गेले असावे, डोक्याकडे तांब्या आला की तो ओरडत न्हाणीबाहेर पळे. ही पायरी यादीतून काढली आणि वेगळी शिकवली. आधी ओला तळहात केसांवर. मग चिमूटभर पाण्याचा शिडकावा. मग वाटीभर पाणी मानेमागून. मग त्याच्याच हातात वाटी. प्रत्येक वेळी गूळ. या एका पायरीला अडीच महिने लागले. चष्म्याच्या काचा नसलेल्या चौकटी आम्हाला त्या वेळी पुष्कळदा आठवल्या.

हे सगळे कार्तिकात सुरू झाले होते. मृग लागला त्या आठवड्यात कॅलेंडरावर पंधरा होते. आज मुलगा न्हाणीत एकटा असतो. काका बाहेर विडी ओढत बसतात. पाठ अजून काकाच चोळतात. पायांच्या टाचा काळ्याच राहतात. आणि ऊन पाण्यात विसण घालायचे काम आम्ही त्याच्यावर सोडलेले नाही. किती ऊन, किती गार हे त्याला अजून कळत नाही आणि पोळण्याची जोखीम कोणी घेऊ नये. विसण आधी आपण घालायचे, बादलीत कोपर बुडवून पाहायचे, मगच मुलाला आत सोडायचे. शिक्षिकाबाई म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात तेही पाहू. फक्त गार पाण्याच्या नळाने सुरुवात करू.

तुमच्या घरी, वाड्यात असे मूल असेल तर लवकर दाखवा. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला सरकारी दवाखान्याचे पथक येते, त्यांना सांगा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मानलेली आहे. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत. ठरावीक प्रमाणात दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे लागते. कोणी हेडमास्तर 'घरीच सांभाळा' म्हणाला, तर त्याला हा कायदा दाखवा. या मुलाची शाळेची वर्षे निघून गेली. आमच्या शब्दाने निघून गेली.

बाई आता सात वाजता वर्गाला येतात. पदर कोरडा असतो. गेल्या महिन्यात त्यांनी पायजमा घालण्याच्या पायऱ्या स्वतः लिहून आणल्या. अकरा होत्या. त्यात दोन ठिकाणी काना राहिला होता, तो आम्ही दाखवला. पायरी एकही राहिली नव्हती.

आता वहीत एक काम करा. जेवणाआधी हात धुण्याच्या पायऱ्या लिहा. प्रत्येक पायरी एका ओळीवर. मग वही शेजारच्याच्या हाती द्या आणि त्याला सांगा, जेवढे लिहिले आहे तेवढेच कर, जास्त काही करू नको. आमच्या वर्गात हे केले तेव्हा पहिल्याच गड्याने लिहिल्याप्रमाणे हात धुतले, पुसले आणि जागेवर येऊन बसला. नळ तसाच वाहत होता.